निळ्या दिव्याखालची मोजणी

शाळेतली मुलं तिला वीसआजी म्हणत. दवाखान्यात ती सिस्टर होती, घरी नुसती आई होती, पण तिच्याकडच्या सहा शाळांपैकी कुठल्याही शाळेच्या फाटकातून ती आत शिरली की वरच्या मजल्यावरून आरोळी यायची, "वीसआजी आली रे!" आणि पहिलीची पोरं बाकांवरून उड्या टाकत खिडकीशी गर्दी करायची. दातांची सिस्टर आली की पोरांनी बाथरूममध्ये लपायचं, हा जगाचा रिवाज. इथं मात्र पोरं रांगेत आपला नंबर आधी लागावा म्हणून एकमेकांना कोपरं मारायची.

काम दिसायला सोपं होतं. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांमागे पहिली पक्की दाढ येते. तिच्या माथ्यावर बारीक खाचा असतात. ब्रशचा केस त्यांत शिरत नाही, खाल्लेलं अन्न मात्र बरोबर शिरून बसतं. कीड लागायच्या आत त्या खाचा बुजवायच्या. दाढ घासायची, औषध लावून तिचा माथा खडूसारखा पांढरा करायचा, धुऊन ठणठणीत कोरडी करायची, गालाशी कापसाचे बोळे कोंबायचे, मग पातळ सीलंट थेंबाथेंबानं खाचांत सोडायचं आणि वर निळा दिवा धरायचा. वीस सेकंद. तेवढ्यात ते पातळ द्रव दगडासारखं होतं. वेळ कमी पडला तर वरून घट्ट दिसतं आणि आत कच्चं राहतं, घाईनं भाजलेल्या पावासारखं.

दिवा पूर्वी स्वतःच वेळ मोजायचा. वीस झाले की टीं करून विझायचा. तीन वर्षांपूर्वी तो एका शाळेच्या जिन्यावरून गडगडत खाली गेला. दिवा वाचला, टीं गेली. आता बटण दाबून धरलं तोवर तो पेटलेला राहायचा. तिनं मोठ्या डॉक्टरांकडे नव्या दिव्यासाठी लेखी मागणी केली.

"सिस्टर, दिवा लागतो ना?" डॉक्टर म्हणाले. "मग झालं तर. वीसपर्यंत मोजता येतं की तुम्हाला!"

येत होतं. पण एका हातात दिवा, दुसऱ्या हातानं गाल बाजूला धरलेला, डोळ्यांवर नारिंगी चष्मा आणि खुर्चीतलं पोर निळा उजेड बघून लाथा झाडतंय, अशा अवस्थेत मोजणी बारावर आली की हरवायची. अशीच एक मुलगी एकदा खुर्चीत हुंदके देत असताना वीसआजीला एकदम सुचलं. ती म्हणाली, "रडू नकोस. आज तू मास्तरीण. तोंडात कापूस आहे, तेव्हा बोलायचं नाही. नुसती बोटं उघडायची, एकेक. आणि हे सगळे जण तुझ्या बोटांवर मोजणार. काय रे पोरांनो?"

"हो!" रांगेतली पोरं ओरडली.

मुलीनं एक बोट उघडलं. "एक!" अख्खी रांग गरजली. दुसरं उघडलं. "दोन!" मुलीचे डोळे विस्फारले. आपल्या एका बोटावर तीस जण ओरडतात, हा मान तिला जन्मात मिळाला नव्हता. रडणं थांबलं. दोन्ही हात दोनदा उघडून झाले आणि वीसआजीनं दिवा विझवला.

त्या दिवसापासून हीच रीत पडली. वीसआजीनं आधी ठरवलं होतं की आपणही मनात मोजायचं. पण कानाशी तीस पोरं घसा फोडत असताना मनातली मोजणी टिकत नाही. आठवड्याभरात तिची मोजणी पोरांच्या मोजणीत विरघळून गेली, आणि विरघळली हे तिला कळलंही नाही. काम दुप्पट वेगानं व्हायला लागलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत तिचं कौतुक केलं. दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर तिची रीत बघायला येऊन गेल्या.

मग दोन वर्षांनी, एका सोमवारी सकाळी, भिंगरी दवाखान्यात आली.

हे नाव वर्गानं ठेवलेलं. पोर एका जागी उभी राहायची नाही म्हणून भिंगरी. त्या दिवशी ती आईच्या कडेवर होती. आठ वर्षांची मुलगी कडेवर, लांब पाय खाली लोंबताहेत. डावा गाल कानापासून गळ्यापर्यंत टरारून सुजलेला, कातडी तकतकीत, डोळा मिटत आलेला. तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. मागे तिची आजी, म्हणजे बापाची आई, हातात पिशवी घेऊन उभी होती.

"चार दिवस ताप आहे," आई म्हणाली. "दाढ दुखते म्हणत होती. मी मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या."

"चुळा!" सासू मागून म्हणाली. "ही बारा बारा तास इस्त्रीच्या दुकानात उभी. पोरीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला की हिचं आईपण संपलं. बोलून बोलून माझी जीभ झिजली."

"रोज खाते बिस्किटं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कधी कधी," आई म्हणाली.

"हिचं कधी कधी म्हणजे रोज," सासू म्हणाली.

"मग दात राहतील कसे? आम्ही इकडे दाढा बुजवून द्यायच्या आणि तुम्ही तिकडे साखर चारायची." डॉक्टर बोलता बोलता चिठ्ठी लिहीत होते. "पू गळ्याकडे उतरतोय. श्वास अडू शकतो. मोठ्या इस्पितळात न्या. संध्याकाळी नाही, आत्ता."

वीसआजीनं तेवढ्यात बारीक आरसा ओठांतून आत सरकवला होता. टॉर्चच्या उजेडात खालची डावी दाढ दिसली. माथ्याच्या मधोमध काळं भोक, आणि भोकाच्या काठाशी सीलंटची एक पांढरी कपची, कापलेल्या नखाएवढी, अजून चिकटून राहिलेली. तिनं सळीच्या टोकानं ती हलकेच टोकरली. कपची निघून आली.

दाराशी भिंगरीची आई थांबली. "सिस्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, बुजवली की या दाढेला कीड लागत नाही म्हणून?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्या तिघी निघून गेल्यावर वीसआजीनं जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान, भिंगरीचं नाव, पुढे चारही दाढांवर बरोबरच्या खुणा. खुणा तिच्याच हातच्या होत्या. खाली तिचीच सही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन शाळेत गेली आणि तिसरीचा वर्ग मागून घेतला. एकेकाला खिडकीशी उभं करून ती आरशानं दाढा बघत गेली. एकीचं सीलंट पूर्ण गेलेलं. दुसऱ्याचं अर्धं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या कडेखाली तपकिरी रेघ. तिसऱ्याचं गेलेलं. एकोणतीस मुलं तपासून झाली तेव्हा वहीत सत्तावीस फुल्या झाल्या होत्या. चौघांच्या दाढांत कीड शिरू लागली होती.

मात्र दोन मुलींच्या चारही दाढा जशाच्या तशा होत्या, काल केल्यासारख्या गुळगुळीत. एक होती वर्गातली सगळ्यात मंद मुलगी. डबा खायला मधली सुट्टी पुरायची नाही, म्हणून तिला सगळे गोगलगाय म्हणत. दुसरी वहीतल्या यादीत सगळ्यात शेवटची. वीसआजी शेजारच्या तुकडीत गेली. तिथंही शेवटच्या मुलाच्या चारही दाढा शाबूत.

ती आधीच्या वर्गात परत आली आणि खिडकीशी वही धरून उभी राहिली. शेवटच्याचं असं काय वेगळं होतं? औषध तेच, कापूस तोच, दिवा तोच. मग तिला आठवलं. शेवटचं मूल खुर्चीत बसायचं तेव्हा रांग संपलेली असायची. ओरडायला मागे कुणी नसायचं. त्या मुलापुरतं ती स्वतः मोजायची, हळूहळू, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत.

तिनं वर्गाकडे वळून पाहिलं. फळ्याच्या वर गोल घड्याळ होतं, लाल सेकंदकाट्याचं.

"पोरांनो, आपला खेळ आठवतो का? मास्तरीण कोण होतं?"

"मी! मी!" वर्ग उसळला.

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी पुढे आली आणि हात वर करून उभी राहिली.

"खुर्चीत बसलीयस असं समज. तोंडात कापूस आहे, वर दिवा आहे. कर सुरू."

बोटं उघडायला लागली. "एक! दोन! तीन!" पहिले तीन आकडे सुटे होते. मग बोटं धावायला लागली आणि मागे वर्ग धावायला लागला, "सातआठनऊदहा!" दुसऱ्या फेरीला तर आकड्यांची नुसती माळ झाली. "वीस!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

लाल काटा अकरा घरं पुढे गेला होता.

"अजून एकदा," वीसआजी म्हणाली, आणि एका भित्र्या मुलाला पुढे बोलावलं. नऊ. मग गोगलगायीला बोलावलं. तिनं पहिलं बोट उघडलं, त्याच्याकडे नीट बघितलं, मग दुसरं उघडलं.

"अगं, उघड ना लवकर!" मागून कुणी ओरडलं. "म्हातारे होऊ आम्ही इथं!"

सव्वीस सेकंद लागले. वीसआजी बाकावर बसली. भीती भरभर मोजते, ही एवढी साधी गोष्ट. पोरांमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ती कळायला हवी होती. ज्याला दिव्याची सगळ्यात जास्त भीती, त्याची बोटं सगळ्यात जोरात पळायची, आणि त्याच्याच दाढा सगळ्यात कच्च्या राहायच्या.

"आजी, बरं वाटत नाही का?" गोगलगायीनं विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "तू छान मोजलंस."

दुपारी तिनं मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर वही ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं.

"एकूण किती मुलं?"

"सहा शाळा धरून आठशेच्या वर."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सिस्टर, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. हात दाखवून अवलक्षण कशाला? नवा दिवा मी आठवड्यात मागवतो. सगळ्या शाळा पुन्हा तपासू, नेहमीची तपासणी म्हणून. कारण कुणाला सांगायची गरज नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

"आणि ती आई?"

"कोण आई?"

"भिंगरीची. बिस्किटांवरून तुम्ही बोललात ती."

"बिस्किटं देत होती की नाही? मग मी खोटं काय बोललो?"

"खोटं नाही बोललात. अर्धं बोललात. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे."

"हे बघा, एकदा ही गोष्ट बाहेर गेली की पालक मुलांना खुर्चीत बसू देणार नाहीत. मग आणखी दाढा किडतील. त्याचा विचार केलात?" त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "आणि त्या दिव्याच्या मागणीचा विषय काढू नका."

"दिवा तुमच्याकडे मागितला होता. पण मोजणी मी सोडली, तुम्ही नाही," ती म्हणाली. "माझं मी सांगणार. तुमचं तुम्ही बघा."

बोलली खरी, पण दुसऱ्या दिवशी तिचा पाय घराबाहेर पडला नाही. ती दिवसभर कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. सुनेनं दोनदा विचारलं, "आई, काय झालंय?" तिनं दोनदा काही नाही म्हणून सांगितलं. दाढा पुन्हा बुजवल्या जाणारच होत्या. पोरगी बरी होणारच होती. मग सांगून कुणाचं काय भलं होणार? डॉक्टरांचं वाक्य दिवसभर तिच्या डोक्यात फिरत राहिलं आणि दरवेळी जास्त पटत गेलं. संध्याकाळी चहात बुडवायला सुनेनं तिच्यापुढे बिस्किटं ठेवली. तिनं बशी बाजूला सारली आणि उठून उद्याची पिशवी भरली.

इस्पितळात भिंगरी खिडकीकडच्या खाटेवर झोपली होती. जबड्याखाली चीर देऊन पू काढला होता. गळ्याभोवती पट्टी, पट्टीतून बारीक नळी बाहेर आलेली. दाढ काढून टाकली होती. तिची आई स्टुलावर बसली होती. सोमवारचेच कपडे अजून अंगावर होते. सासू खाटेच्या पायथ्याशी पिशवी मांडीवर घेऊन होती.

वीसआजीनं दोघींना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. दिवा, टीं, बोटं, घड्याळ. काही गाळलं नाही. "तुझ्या हातून चूक झालेली नाही," ती भिंगरीच्या आईला म्हणाली. "लेप नीट बसला असता तर त्या दाढेवर ही वेळ आली नसती. बिस्किटं निमित्त झाली. फट मी ठेवली."

आई भिंतीला टेकली. "हिच्या उशाशी बसून मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"परवा." तिनं तो शब्द जणू उलटून पाहिला. "मग काल का नाही आलात?"

खाली एक ट्रॉली खडखडत गेली. सासू एवढा वेळ जमिनीकडे बघत होती. आता ती सुनेकडे न बघता म्हणाली, "तू जा. काहीतरी खाऊन ये. मी बसते पोरीजवळ."

सून हलली नाही. सासूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जा म्हणते ना."

आत भिंगरी जागी झाली होती. दार उघडंच होतं.

"वीसआजी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी भरभर मोजलं ना?"

वीसआजी आत येऊन स्टुलावर बसली. "कुणी सांगितलं तुला?"

"मी ऐकलं. मला तो निळा दिवा नको वाटायचा. तो लवकर विझावा म्हणून मी बोटं भरभर उघडायची." ती क्षणभर दम खाऊन म्हणाली, "मुद्दाम."

"बाळा, मोजायचं काम माझं होतं. मोठ्या माणसाचं काम मी तुझ्या हातात दिलं. तुझं काम एवढंच, तोंड उघडं ठेवायचं. ते तू छान केलंस."

भिंगरीनं पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"पण बोटं माझीच होती," ती म्हणाली.

पोरांच्या शेकडो प्रश्नांना वीसआजीनं उत्तरं दिली होती. दात का पडतात, पडलेला दात कुठं जातो, परीला दात कशाला हवेत. हा प्रश्न नव्हता. तिनं भिंगरीचा हात हातात घेतला. भिंगरीनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

पुढच्या महिन्याभरात सहाही शाळांत पालकांच्या सभा झाल्या. वीसआजी प्रत्येक सभेत उभी राहून तेच बोलली. एका शाळेत एक बाप उठून तिच्या अंगावर धावून आला. दुसरीकडे कुणीतरी म्हणालं, "खेळ मांडला होता म्हातारीनं, पोरांच्या तोंडात." डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. घरी पाठवलेल्या संमतीच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या 'नको' लिहून परत आल्या. त्या निम्म्यांत ज्यांच्या दाढेत तपकिरी रेघ दिसली होती, ती चार मुलंही होती. ती त्या चौघांच्या घरी गेली. दोन दारं उघडली, दोन उघडली नाहीत.

नवा दिवा आला, टीं करणारा. तो तिच्या हातात दिला नाही. दिवा धरायला नवी तरुण सिस्टर आली. वीसआजीनं निवृत्तीपर्यंत कापसाचे बोळे द्यायचे आणि ओले झालेले उचलायचे, असं ठरलं. तिनं ते मान्य केलं. फाटकातून शिरताना आता वरून आरोळी येत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात भिंगरीच्या वर्गाची पाळी आली. भिंगरीच्या चिठ्ठीवर तिच्या आईनं मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं होतं आणि खाली आणखी एक ओळ: 'घड्याळ लावून.'

भिंगरी खुर्चीत चढली. जबड्याखाली गुलाबी व्रण होता, बोटभर लांब. उरलेल्या तीन दाढा करायच्या होत्या. तरुण सिस्टरनं पहिली घासली, धुतली, कोरडी केली. वीसआजीनं कापूस दिला. सीलंट सोडलं आणि निळा दिवा लागला.

"एक!" रांगेतून सवयीनं कुणीतरी ओरडलं. "दो..."

"श्श!" दुसऱ्यानं त्याला चिमटा काढला. खोली गप्प झाली. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. भिंगरीचे दोन्ही हात पोटावर होते आणि मुठी आवळलेल्या, इतक्या की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

टीं.

दुसरी दाढ. टीं. तिसरी. टीं. मुठी एकदाही उघडल्या नाहीत.

वीसआजीनं ओले बोळे उचलले आणि तिचा ओठ पुसला. "झालं हं, बाळा."

"नक्की वीस झाले?"

"झाले. तिन्ही वेळा मी घड्याळच बघत होते."

भिंगरी उठून बसली. भिंतीवर लाल काट्याचं घड्याळ होतं. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. काट्याची एक पूर्ण फेरी होईपर्यंत बघितल्यावर ती खुर्चीतून उतरली.